भाड्याने घेतलेले सायफाय सिनेमे: मुदत संपायच्या आत परत लावावासा वाटला असा कुठला?

रातपाळी
बरेच दिवस सिनेमांवर निवांत गप्पा झाल्या नाहीत म्हणून म्हटलं आपणच सुरू करू. सध्या आमच्याकडे सिनेमे भाड्याने घेऊन बघायचं खूळ शिरलंय आणि त्यातही सायफायच जास्त. सबस्क्रिप्शनमधले सिनेमे यादीत टाकून ठेवले जातात आणि तिथेच धूळ खात पडतात. भाड्याच्या सिनेमाचं तसं नाही, बहुतेक ठिकाणी घेतल्यापासून ३० दिवसांत सुरू करायचा आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवायचा, त्यामुळे मुकाट बघितला जातो.

तर ह्या ४८ तासांवरून मी आपली एक कसोटी काढलीये. सिनेमा संपला, दुसरा दिवस उजाडला, अजून मुदत आहे, तर तो परत लावावासा वाटतो का? वाटला तर सिनेमा खरा. निदान सायफायला तरी ही कसोटी लागू पडते असं माझं मत झालंय, कारण त्यातली 'आयडिया' पहिल्या वेळी कळलेली असते, मग दुसऱ्या वेळी उरतं काय?

सध्या पहिल्या नंबरवर अरायव्हल (२०१६). आता स्पॉयलर येतोय, बघितला नसेल तर सरळ पुढच्या पोस्टवर जा.

सुरुवातीला त्या भाषातज्ज्ञ बाईची मुलगी जन्मते, मोठी होते, आजारी पडून जाते, आणि आपण बिनदिक्कत धरून चालतो की हे होऊन गेलंय, म्हणून बिचारी अशी गप्प गप्प असते. मग परग्रहवाले येतात, त्यांची ती शाईच्या वर्तुळांची लिपी ती शिकत जाते, आणि शेवटाकडे ती त्यांनाच विचारते की ही मुलगी कोण. तिथे मी उठून बसले. दुसऱ्या वेळी बघताना तीच सुरुवात, तेच शॉट, पण आता प्रत्येक शॉटला पोटात तुटतं. मुलीने काढलेलं एक चित्र आहे, आई, बाबा आणि मध्ये पिंजऱ्यातला पक्षी. पहिल्या वेळी ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून नुसतं निघून गेलं होतं. पक्षी कुठला ते दुसऱ्या वेळी कळतं!

तुमचे सांगा. नावडलेलेही चालतील, उलट तेच आधी सांगा.

टिंबटिंब
प्रायमर.

झोपाळू
नावडलेले म्हणताय म्हणून सांगतो, हाणू नका. २००१ अ स्पेस ओडिसी. मोठ्या हौसेने घेतला, दिवे बंद केले, आणि पहिलं वाक्य ऐकू यायला पंचवीसेक मिनिटं लागतात हो, तोवर नुसती माकडं. तोवर मी गार. जाग आली तेव्हा एक माणूस रंगीबेरंगी बोगद्यातून चालला होता, मला वाटलं टीव्ही बिघडला. ४८ तासांत परत लावला का? लावला, आणि परत झोपलो. म्हणजे तुमच्या कसोटीला उतरला म्हणायचा का? 😀

चिकित्सक
खिक्क. झोपाळूंची कसोटी वेगळी, सिनेमा संपेपर्यंत जागं ठेवलं की पास.

मी हल्लीच ग्रॅव्हिटी (२०१३) आणि इंटरस्टेलर (२०१४) लागोपाठ घेतले. ग्रॅव्हिटी जेमतेम दीड तासाचा आहे आणि पहिला शॉट दहा मिनिटांच्या वर एकदाही कट न होता चालतो, त्याला मानलं. आवाजाचंही चोख काम, पोकळीत काही आपटलं तर आवाज नाही, फक्त स्पेससूटमधून आत येणारी थरथर ऐकू येते. पण मग ते दोघं अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून स्पेस स्टेशनकडे निघतात, शेजारच्या बिल्डिंगमध्ये जावं तसे. अरे हबल तेव्हा साधारण ५५० किमी उंचीवर, स्टेशन ४०० च्या आसपास, ते एकवेळ सोडा, दोघांच्या कक्षांचा कल वेगळा आहे, एकाचा २८.५ अंश आणि दुसऱ्याचा ५१.६. उंची बदलणं सोपं, कक्षेचा कल बदलायला प्रचंड इंधन लागतं, पाठीवरच्या त्या पिशवीत ते मावायचंच नाही. आणि तो दोरीचा सीन! दोरी ताणली, तो थांबला, वेग शून्य झाला, आता त्याला कोण ओढतंय? हलका हिसका दिला असता तरी तो तरंगत परत आला असता. तरी ती ओरडतेय, तो दोरी सोडतोय, आणि आपण रडायचं. मी नाही रडलो.

रडण्यावरून आठवलं, तिचा अश्रू गालावरून सुटून कॅमेऱ्याकडे तरंगत येतो, दिसायला सुरेख, पण तिथे अश्रू डोळ्यापाशीच गोळा होऊन चिकटून बसतात, सुटून येत नाहीत.

४८ तासांत परत लावला. चुका मोजायला.

रातपाळी
चिकित्सक, तुमच्यासोबत सिनेमा बघणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

टिंबटिंब
+१

सौदामिनी
झोपाळूराव, तुम्हाला नाही हाणत पण '२००१' वर एवढ्या स्वस्तात सोडणार नाही. तो १९६८ च्या एप्रिलमधला सिनेमा आहे, म्हणजे चंद्रावर माणूस उतरायच्या वर्षभर आधीचा. तेव्हा चंद्रावरून पृथ्वी कशी दिसते हेही बहुतेकांनी नीट पाहिलेलं नव्हतं. आणि तरी त्यातल्या अंतराळाकडे बघून आज हसू येत नाही, हे मला फार मोठं वाटतं. नंतरच्या कितीतरी सिनेमांतली यानं आज खेळण्यातली वाटतात.

तुम्ही झोपलात त्यात एक सीन आहे, गोल चाकासारख्या खोलीत एक अंतराळवीर पळायचा व्यायाम करतो, पळत पळत भिंतीवरून छतावर जातो आणि परत खाली येतो. आता हे संगणकावर सहज होईल. तेव्हा त्यांनी खरंच सुमारे ३० टनांचं चाक बांधलं आणि ते फिरवलं, नट बिचारा कायम तळाशीच पळतोय, फिरतंय ते घर. एकदा हे कळलं की तो सीन परत बघितल्याशिवाय राहवत नाही.

आणि हॅल, म्हणजे यान चालवणारा बोलका संगणक. दोन अंतराळवीर हॅलला ऐकू जाऊ नये म्हणून एका छोट्या यानात बसून, मायक्रोफोन बंद करून बोलतात. सगळं बंद. कॅमेरा काचेतून त्यांच्या ओठांवर जातो, मग त्या लाल डोळ्यावर, परत ओठांवर. आवाज अजिबात नाही. आणि तुमच्या लक्षात येतं की तो ओठ वाचतोय. एक शब्द न उच्चारता अशी धडकी भरवणारा सीन मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे त्याची एकेक मेमरी काढली जाते तेव्हा त्या माणसाचा श्वास तेवढा ऐकू येतो आणि यंत्र विनवण्या करतं, मग हळूहळू आवाज जड होत होत एक जुनं गाणं म्हणतं. ते गाणंही उगाच निवडलेलं नाही, १९६१ मध्ये आयबीएमच्या एका संगणकाला खरोखर तेच गाणं म्हणायला लावलं होतं, आणि '२००१'चा सहलेखक आर्थर क्लार्कने बेल लॅब्समध्ये त्याचं प्रात्यक्षिक ऐकलं होतं.

फोनवर बघू नका एवढंच. मोठा पडदा नसेल तर घेऊच नका, भाडं फुकट जाईल.

झोपाळू
सौदामिनीताई, एवढं सांगितलंत तर तिसऱ्यांदा घेतो. माकडं फॉरवर्ड केली तर चालेल का?

सौदामिनी
नाही. 🙂

लांबचा_प्रवासी
धागा वाचतोय, मजा येतेय. मी सहसा लिहीत नाही पण गॅटाकाचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून राहवेना. १९९७ चा सिनेमा, तेव्हा तिकीटबारीवर साफ पडलेला, इथन हॉक, उमा थर्मन आणि ज्यूड लॉ. स्पेसचा सिनेमा म्हणून घेतला आणि अख्ख्या सिनेमात कुणी स्पेसमध्ये जातच नाही, शेवटच्या काही मिनिटांत कुठे यान सुटतं, तर आधी जरा फसवणूक झाल्यासारखं वाटलं, पण नंतर जे काही डोक्यात शिरलंय ते निघायला तयार नाही.

कथा थोडक्यात अशी की मुलं जन्माला येण्याआधीच त्यांचे जीन्स निवडून घेतात आणि ज्यांचे निवडलेले नाहीत ते आयुष्यभर झाडू मारणार, तसा हा व्हिन्सेंट, हृदय कमकुवत, चष्मा लागलेला, आणि ह्याला जायचंय शनीच्या चंद्रावर. मग तो एका 'चांगल्या' जीन्सच्या पण अपघातात पाय गेलेल्या माणसाची ओळख उसनी घेतो. आता मला सांगायचंय ते ह्यापुढचं, त्याची रोजची सकाळ. तो एका छोट्या भट्टीसारख्या कपाटात शिरतो आणि अंगाची कातडी घासघासून काढतो, सुटणारा प्रत्येक केस, प्रत्येक खपली तिथेच जाळून टाकायची, कारण ऑफिसात टेबलावर एक पापणीचा केस जरी पडला तरी खेळ खलास. मग बोटाच्या टोकाला दुसऱ्याच्या रक्ताची इवली पिशवी चिकटवायची, वर खोटी कातडी, दारातल्या मशीनने टोचलं की रक्त त्या दुसऱ्याचं निघतं. मांडीला दुसऱ्याच्या लघवीची पिशवी. हे सगळं सिनेमा कसलीही घाई न करता दाखवतो, नखं कापलेली पडताना तर एवढी मोठी दिसतात आणि असा दणका देतात की कळतच नाही आधी काय पडतंय.

आणि ह्यात एकही लेझर नाही, एकही परग्रहवासी नाही, गाड्यासुद्धा जुन्या काळच्या घेतल्यात आणि त्यांना नुसता विजेच्या मोटारीचा आवाज लावलाय, तरी ह्याच्याइतकं भविष्य मला कुठेच खरं वाटलं नाही.

दुसऱ्या वेळी बघितला तो ज्याने ओळख दिली त्याच्यासाठी, ज्यूड लॉसाठी. घरात एक गोल वळणाचा जिना आहे, बघाल तर डीएनएच्या पिळासारखाच. वरच्या मजल्यावर चौकशीला माणूस आलाय आणि हा खाली चाकाच्या खुर्चीत, वर पोचला नाही तर व्हिन्सेंट पकडला जाणार, तर हा खुर्चीतून खाली उतरतो आणि हातांनी अंग ओढत ओढत तो जिना चढतो, एकेक पायरी. पहिल्या वेळी मी त्या चौकशीच्या टेन्शनमध्ये होतो. दुसऱ्या वेळी दिसलं की ज्याच्याकडे सगळ्यात भारी जीन्स आहेत तोच ह्या जिन्यावर सरपटतोय, आणि ज्याच्याकडे नाहीत तो यानात बसणार आहे.

रातपाळीताईंची कसोटी पटली. जरा जास्तच लिहिलं गेलं.

रातपाळी
अजिबात जास्त नाही. उद्याच घेते.

चिकित्सक
गॅटाकाला अनुमोदन, आणि हे मी म्हणतोय म्हणजे बघा. काळही बघा ना, क्लोन केलेल्या डॉली मेंढीची बातमी जगाला कळली १९९७ च्या फेब्रुवारीत आणि मानवी जीनोमचं काम पूर्ण झालं २००३ मध्ये, म्हणजे हे सगळं तापत असताना मधोमध हा सिनेमा आला. जन्मतःच मुलाला इतके टक्के हृदयविकार, आयुर्मान इतकं असं वाचून दाखवतात तो सीन घ्या. नर्स सांगते ते आकडे शक्यतेचे आहेत, पण ऐकणारा बाप तो निकाल समजतो, आणि पुढे सगळं जगही तसंच समजतं. विज्ञान चुकीचं वापरणारा समाज दाखवताना विज्ञान चुकीचं दाखवलेलं नाही. हे फार कमी जणांना जमतं.

टिंबटिंब
प्रायमर.

रातपाळी
टिंबटिंब, एकदा तरी दुसरा शब्द लिहा. काय आहे त्यात?

टिंबटिंब
खोका.

झोपाळू
लोल

चिकित्सक
मी सांगतो, नाहीतर हे असेच चालू राहतील. प्रायमर (२००४) हा ७७ मिनिटांचा आणि फक्त ७००० डॉलरमध्ये केलेला सिनेमा. लिहिणारा, दिग्दर्शक, संपादक, संगीतकार आणि मुख्य नट एकच, शेन कॅरुथ, आणि तो मूळचा गणित शिकलेला, सॉफ्टवेअरमध्ये काम केलेला माणूस. सनडान्स चित्रपट महोत्सवात त्या वर्षीचं मुख्य ज्युरी पारितोषिक ह्यालाच मिळालं.

दोघं मित्र गॅरेजमध्ये भलतंच काहीतरी बनवत असतात आणि चुकून कालयंत्र तयार होतं. बाकीच्या सिनेमांत बटण दाबलं की झूम करून माणूस गायब. इथे तसं नाही. सकाळी खोका चालू करायचा आणि निघून जायचं. संध्याकाळी परत येऊन त्यात शिरायचं आणि आत तासन्‌तास पडून राहायचं, जितकं मागे जायचंय तितकाच वेळ. मग बाहेर पडलात की सकाळ. म्हणजे खोका चालू करायच्या आधी तुम्ही जाऊच शकत नाही. आणि दिवसभर बाहेर हिंडलात तर स्वतःलाच भेटाल, म्हणून ते दोघं हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून बसून राहतात. कालप्रवास हा इतका कंटाळवाणा, चोरटा आणि अंग आखडवणारा उद्योग असेल हे मला इतर कुठल्याही सिनेमापेक्षा ह्यात पटलं.

पण अर्ध्यानंतर कोण कितव्यांदा मागे आलाय ह्याचा पत्ता लागत नाही. लोकांनी तक्ते काढलेत त्याचे. ४८ तास पुरत नाहीत.

सौदामिनी
आणि इथेच माझी कसोटीला हरकत आहे. प्रायमर मी पाहिला, परत लावला, कारण कळलाच नव्हता. कळला नाही म्हणून परत बघणं आणि ओढ लागली म्हणून परत बघणं ह्यात फरक आहे की नाही? मुद्दाम अर्धं झाकून ठेवायचं आणि प्रेक्षकाने वही-पेन्सिल घेऊन बसायचं, हे कोडं झालं. कोडं सुटलं की त्या दोघा मित्रांबद्दल मला काय वाटतं? काहीच नाही. त्यांच्या बायका, मुलं, कुणाचा चेहराही आठवत नाही. उलट अरायव्हलमध्ये दुसऱ्या वेळी नवीन माहिती मिळत नाही फारशी, तीच माहिती घेऊन बसलेले आपण बदललेलो असतो.

टिंबटिंब
मित्र एकमेकांवरचा विश्वास गमावतात. तीच गोष्ट आहे. शेवटी दोघं विमानतळावर बोलतात ते परत बघा.

झोपाळू
अरे बापरे टिंबटिंबनी तीन वाक्यं लिहिली!!

रातपाळी
सौदामिनी, मुद्दा अचूक आहे. मग कसोटी जरा घट्ट करू, परत लावताना आपण पडद्याकडे बघतो की घड्याळाकडे? प्रायमरच्या वेळी मी प्रत्येक सीनला मागे-पुढे करून 'आता हा कुठला एब?' (त्या दोघा मित्रांतला एक) एवढंच करत होते. अरायव्हलला एकदाही पॉज केला नाही.

लांबचा_प्रवासी
पण कोड्यांमध्येही दोन जाती आहेत असं मला वाटतं. कोहेरन्स (२०१३) बघा, तोही जवळजवळ फुकटात केलेला, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत शूट केलाय, आणि नटांना पूर्ण पटकथा दिलीच नव्हती, रोज ज्याला त्याला आपापली चिठ्ठी द्यायची, तुला आज हे माहितीये आणि हे बोलायचंय, बाकीचं तिथे सुचेल तसं. त्यामुळे आठ मित्र जेवायला जमलेत आणि धूमकेतू जवळून चाललाय, दिवे जातात, आणि अख्ख्या रस्त्यावर लांब एकच घर उजेडात दिसतं, तिथून पुढे त्यांचा गोंधळ खरा वाटतो कारण तो बराचसा खराच आहे, एकमेकांवर बोलणं चढतं, कुणी वाक्य पुरं करत नाही. मला कोडं सोडवण्यापेक्षा हे माणसं किती लवकर एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात ते बघायला परत लावावासा वाटला. फक्त सबटायटल्स भयंकर होती मी घेतला तिथे, तिघं एकदम बोलले की एकाचंच लिहून यायचं आणि तेही दोन सेकंद उशिरा.

उगाच
नमस्कार मंडळी, मध्येच घुसतोय. तुमचं सगळं फार उच्च चाललंय. आमच्याकडे आई-बाबा, दोन मुलं आणि आम्ही दोघं असे सगळे एकत्र बसून बघू शकू असा एखादा सांगा की. चुंबनाला बाबा चॅनल बदलतात आणि पोटातून प्राणी बाहेर आला तर आई उठून जाईल. मुलं १२ आणि ९.

झोपाळू
मार्शियन घ्या डोळे झाकून. म्हणजे उघडे ठेवून. मी पूर्ण जागा होतो!

चिकित्सक
द मार्शियन (२०१५), नक्की. मंगळावर एकटा अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट. एका ठिकाणी जखमेतून तुकडा काढून तो स्वतःलाच टाके घालतो तेवढं आईंना आधीच सांगून ठेवा. सुरुवातीच्या वादळाकडे काणाडोळा करा, मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथलं कितीही जोरदार वादळ यान पाडू शकणार नाही. लेखकालाही हे माहीत होतं, गोष्ट सुरू व्हायला हवी होती म्हणून ठेवलंय. एवढी एक सूट दिली की पुढे मजाच मजा.

मुलांना एक सीन थांबवून दाखवा. १९९७ मध्ये उतरलेलं पाथफाइंडर यान तो वाळूतून उकरून काढतो, पण त्याचा कॅमेरा फक्त फिरू शकतो, पृथ्वीशी बोलणार कसं? मग तो कॅमेऱ्याभोवती पाट्या मांडतो. २६ अक्षरं मांडली तर दोन पाट्यांमधला कोन इतका लहान होतो की कॅमेरा नक्की कुठे बघतोय ते कळत नाही. म्हणून तो १६ खुणा मांडतो, हेक्साडेसिमल म्हणजे १६ चिन्हांची आकडेपद्धत, आणि दोन-दोन खुणांमधून एकेक अक्षर. माझ्या पुतण्याने सिनेमा संपल्यावर घरभर पाट्या मांडल्या होत्या.

सौदामिनी
वॉल-ई (२००८) पण. पहिला अर्धाअधिक तास जवळजवळ संवादच नाहीत, त्यामुळे आजी-आजोबांना इंग्रजीची अडचण नाही, आणि नातवंडांपेक्षा तेच जास्त गुंगतील बघा.

उगाच
झकास. दोन्ही घेतो. धन्यवाद!

रातपाळी
एक सूचना सगळ्यांनाच. भाड्याने घेताना कुठली आवृत्ती आहे ते बघून घ्या. ब्लेड रनर (१९८२) घेतला आणि मला पडद्यावर हॅरिसन फोर्ड सारखा कंटाळलेल्या आवाजात समजावून सांगतोय, आता मी इकडे चाललोय, आता मला असं वाटतंय. वैताग. शेवटी एकदम हिरव्यागार डोंगरातून गाडी!

लांबचा_प्रवासी
ती थिएटरात लागलेली मूळ आवृत्ती. स्टुडिओने प्रेक्षकांना कळणार नाही म्हणून तो आवाज घालायला लावला होता, आणि ते हिरवे डोंगर म्हणजे कुब्रिकच्या द शायनिंगसाठी हेलिकॉप्टरमधून घेतलेलं आणि न वापरलेलं फुटेज आहे, म्हणून एवढ्या अंधाऱ्या पावसाळी सिनेमाच्या टोकाला ते असं चिकटवल्यासारखं दिसतं. २००७ ची फायनल कट म्हणून आहे ती घ्या. डोंगर नाहीत, आवाज नाही, आणि एक युनिकॉर्नचं स्वप्न आहे ज्याने सगळ्या सिनेमाचा अर्थच फिरतो. गंमत म्हणजे त्यातलं भविष्य २०१९ चं आहे, ते आपण कधीच मागे टाकलं.

सौदामिनी
सोलारिसचंही तेच. १९७२ चा तारकोव्हस्कीचा वेगळा आणि २००२ चा जॉर्ज क्लूनीवाला वेगळा, शोधताना दोन्ही शेजारी शेजारी येतात. पहिला पावणेतीन तासांचा, दुसरा जेमतेम दीड-पावणेदोन. पहिल्यात भविष्यातलं शहर म्हणून टोकियोच्या रस्त्यांवरून गाडी चालत राहते, चालत राहते, कुणी बोलत नाही. झोपाळूरावांनी लांबच राहावं.

पण मला तो हवाच असतो. मेलेली बायको अंतराळ स्थानकात परत येते आणि तिलाही माहीत नसतं आपण कोण, आणि हळूहळू तिला नवऱ्यापेक्षा जास्त कळायला लागतं. स्तानिस्लाव लेमला हा सिनेमा पसंत नव्हता, त्याच्या कादंबरीत त्या ग्रहावरचा जिवंत महासागर आणि त्याच्यापुढे हतबल झालेलं आपलं विज्ञान मोठं आहे आणि तारकोव्हस्कीने सगळं घराकडे, बापाकडे, अपराधाकडे वळवलं. मला दोघंही बरोबर वाटतात.

चिकित्सक
मला लेम बरोबर वाटतो.

सौदामिनी
अपेक्षित होतं. 🙂

मध्यंतरी एक्स माकिना पाहिला तेव्हा मात्र आपल्या नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मधला यंत्रमानव आठवला. सिनेमात पहिल्या वेळी आपण एका तरुणासोबत बसून बाईच्या रूपातल्या यंत्राची परीक्षा घेतो. दुसऱ्या वेळी काचेच्या पलीकडे बसून बघा, ती त्याची परीक्षा घेतेय, पहिल्या भेटीपासून. दिवे जातात तेव्हा ती काय बोलते आणि दिवे आल्यावर चेहरा कसा पूर्ववत करते ते बघाच. त्या वर्षी स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर ह्या छोट्या बजेटच्या सिनेमाने स्टार वॉर्स आणि मार्शियनला मागे टाकून नेलं.

झोपाळू
आता मी एक गंभीर पोस्ट टाकतो. मून (२००९). चंद्रावर एकटा माणूस, तीन वर्षांचं कंत्राट, सोबतीला एक यंत्र ज्याच्या छोट्या पडद्यावर फक्त हसरा किंवा रडका चेहरा येतो. पुढचं सांगत नाही, सांगितलं तर वाट लागेल. सॅम रॉकवेल जवळजवळ अख्खा सिनेमा एकट्याने ओढतो. चंद्रावरच्या गाड्या बऱ्याचशा खरी छोटी मॉडेल्स करून शूट केल्यात आणि म्हणूनच त्यांना वजन आहे असं वाटतं.

माझा मुद्दा असा की मी हा परत लावला नाही. मुदत होती, झोप येत नव्हती, तरी नाही. त्या माणसाला काय कळणार आहे ते मला आता माहीत आहे आणि त्याला माहीत नाही, आणि तो आपला घरच्यांचे रेकॉर्ड केलेले मेसेज बघत खूश आहे, हे मला परत बघवणार नाही. तुमच्या कसोटीत नापास, माझ्याकडे पहिला नंबर.

रातपाळी
झोपाळू, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

चिकित्सक
मून मी परत बघितला आणि झोपाळूंशी सहमत आहे, त्रास होतो. यंत्राकडे बघत बसलो शेवटी. '२००१' बघून बघून आपल्याला वाटत असतं हे यंत्र आता दगा देणार, आता देणार. त्या संशयावरच सिनेमा खेळलाय.

इंटरस्टेलरचं राहूनच गेलं वर. एकच सांगतो. त्या कृष्णविवराचं चित्र भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नच्या समीकरणांवरून काढलंय, त्यांना पुढे २०१७ चं नोबेल मिळालं, पण एक गोष्ट मुद्दाम गाळली. त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ आणि जाणारी अंधुक दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या. २०१९ मध्ये एम८७ ह्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं खरं चित्र आलं, त्यात बघा, एक बाजू ठळक उजळ आहे. मी सिनेमा परत लावला तो फक्त तेवढ्यासाठी, आणि मग तो बाप २३ वर्षांचे साठलेले मेसेज एका बैठकीत बघतो तिथे पोचलो आणि समीकरणं विसरलो.

टिंबटिंब
चिकित्सक रडले.

चिकित्सक
धूळ गेली होती डोळ्यात.

उगाच
रिपोर्ट देतो. मार्शियन बघितला. टाके घालताना आई उठून गेल्या पण परत आल्या. बाबांना प्रश्न पडलाय की एका माणसासाठी एवढा खर्च का, त्यावर धाकटीने त्यांच्याशी अर्धा तास भांडण केलं. मोठ्याने आत्ताच परत लावलाय, तो पाट्यांचा सीन. वॉल-ई उद्या.

रातपाळी
वा! मी शनिवारी कोहेरन्स घेतेय, सबटायटल्स आधी तपासून. आधी काही माहीत असायला हवं का?

लांबचा_प्रवासी
काहीही वाचू नका आधी. ट्रेलरसुद्धा नको.

टिंबटिंब
हातातल्या चमकणाऱ्या कांड्यांचे रंग लक्षात ठेवा.

चिकित्सक
आणि फोटोंच्या मागचे आकडे. पहिल्याच वेळी लिहून घ्या.

सौदामिनी
काही लिहून घेऊ नका हो, बघा नुसता.